शिवणवाडीच्या शाळेचं अकरावं पान

१

रविवारी सकाळी मी कपाटातून रजिस्टर काढलं, तेव्हा कागदाचा नखाएवढा तुकडा जमिनीवर पडला. मी रजिस्टर टेबलावर ठेवलं, पुठ्ठा उघडला आणि पानं मोजली. दहा पानं मिळाली. अकरावं नव्हतं. शिवणीला बोटभर फाटकी कड तेवढी राहिली होती आणि तिच्यावर उर्दू अक्षरांची अर्धवट टोकं.

त्या पानावर गुलाब पिंजाऱ्याचं नाव होतं. सोमवारी बारा वाजता ते पान कलेक्टरसाहेबांपुढं ठेवायचं होतं. ते नसलं तर गुलाबला पोलीस पहाऱ्यात पंजाबच्या सरहद्दीवर नेणार आणि पाकिस्तानात ढकलणार. त्याची बायको आणि तीन लेकरं इकडंच राहणार.

ही गोष्ट त्र्याहत्तर सालच्या मे महिन्यातली. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. मी श्रीमंत बनसोडे, उस्मानाबादला वकिली करत होतो. परदेशी ठरवून देशाबाहेर काढायच्या नोटिसा त्या काळात आमच्या जिल्ह्यात अधूनमधून यायच्या. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी काही घरं कराचीला गेली होती, काही अर्धी गेली, काही जाऊन परत आली. त्या नोटिसा घ्यायला दुसरा वकील राजी नसायचा. मी घ्यायचो. या कायद्यात सरकारला काही सिद्ध करावं लागत नाही. मी परका नाही, हे माणसानंच सिद्ध करायचं.

गुलाबची फाईल आठ पानांची. पंचावन्न साली त्याचा चुलता कराचीहून एका लग्नाला आला होता. पोलिसांच्या वहीत नोंद होती: चुलता, सोबत एक मुलगा, वय सोळा. मुलाचं नाव लिहायचं कुणाला सुचलं नाही. तीन आठवड्यांनी दोघं परत गेले. चुलता गेल्याची नोंद झाली, मुलगा गेल्याची झाली नाही. कागदावर तो मुलगा अजून इथंच होता. अठरा वर्षांनी कुणीतरी निनावी अर्ज केला, की तो मुलगा म्हणजेच गुलाब. अठ्ठेचाळीसला चुलत्याबरोबर कराचीला गेला आणि पंचावन्नला येऊन शिवणवाडीत दडून बसला.

“म्या कराची नकाशात बी बघितली न्हाय, वकीलसाहेब,” गुलाब म्हणाला होता. “तो चुलत्याचा पोरगा. माझ्यासंगं विटीदांडू खेळला आन् गेला निघून.”

गुलाब जन्मभर गावात कापूस पिंजत होता. गावानं सांगितलं असतं. पण गाव आपल्या माणसासाठी काहीही सांगतं, असं सरकारी बाजू म्हणणार, हे मला माहीत होतं. कागद हवा होता. कागद एकच होता. शिवणवाडीच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात गुलाबचं नाव होतं. दाखल एकोणपन्नास, खारीज बावन्न. ज्या वर्षांत तो कराचीत होता म्हणतात त्या वर्षांत तो शिवणवाडीत पाटी घेऊन बसला होता.

आणि आता ते पान नव्हतं. कपाटाला कुलूप होतं. कुलूप मी स्वतः लावलं होतं, स्वतः उघडलं होतं. किल्ली दाराआडच्या खिळ्याला होती.

ती खिळ्याला असते हे गुलाब सोडला तर फक्त चार माणसांनी पाहिलं होतं.

२

शनिवारी दुपारी ती चार माणसं माझ्या पुढच्या खोलीत बसली होती. गुलाब पाचवा.

पहिले धोंडीबा गुरुजी. शिवणवाडीच्या शाळेचे हेडमास्तर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. रजिस्टर त्यांनीच आणलं होतं. जुनं खाकी कापडाचं, पुठ्ठ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली मराठी चिठ्ठी डकवलेली. निजामाच्या वेळी शाळेचं दप्तर सगळं उर्दूत. ॲक्शन झाली तरी हातातलं रजिस्टर संपेपर्यंत तेच चाललं. “धर्मशाळेत ठेवायला नको, तुमच्या कपाटात राहू द्या,” ते म्हणाले.

दुसरे आबाराव. शिवणवाडीच्या सहकारी सोसायटीचे चेअरमन, पन्नाशीचे, धोतर पांढरंशुभ्र. आमच्याकडं अंघोळीला पाणी नव्हतं, पण त्यांच्या धोतराला नीळ होती. गुलाब आमचाच माणूस आहे असं प्रतिज्ञापत्र द्यायला ते आपणहून आले होते. आल्या आल्या म्हणाले, “घरच्या बाई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. बरं, कुठं करायची सही?” एकाच दमात. सही त्यांनी उर्दूत केली, जुन्या पाटील मंडळींसारखी वळणदार. मी चहा पुढं केला तर म्हणाले, “आत्ताच झाला.” माझ्या घरी येणाऱ्या त्यांच्यासारख्या माणसांचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो.

तिसरा बाबू. गुलाबचा मेव्हणा, वय चोवीस. आईबाप गेल्यावर नवव्या वर्षापासून बहिणीच्या घरी वाढला. गुलाबच्या शेजारी बसला होता.

चौथे माझे मुन्शी, ज्ञानोबा. तेर गावचे. निजामाच्या कचेरीत नोकरी झालेली, साठी ओलांडलेली. मला उर्दू येत नाही. आमच्या वस्तीतल्या पोरांना शाळेत घेतलं तेच ॲक्शननंतर. त्यामुळं जुना कागद आला की मुन्शीजीच वाचायचे.

गुलाबनं खिशातून कराचीच्या चुलत्याचं पत्र काढलं. माझा मुलगा इथं सुखरूप आहे, त्याचं लग्न झालं, असं त्यात होतं म्हणे. शेजारी बसलेल्या बाबूच्या मांडीवरून हात लांब करून त्यानं ते मुन्शीजींना दिलं. मुन्शीजींनी वाचून दाखवलं. मग रजिस्टर घेतलं. ते टेबलाच्या पलीकडं, मी अलीकडं. पानं उलटून एका जागी बोट ठेवलं आणि मोठ्यानं म्हणाले, “साहेब, यादीत लिहा. पान अकरा, ओळ सहावी. पानांवर आकडे न्हाईत, म्या मोजलंय.”

मी यादीत लिहिलं. सगळ्यांनी ऐकलं. मी रजिस्टर कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली दाराआड खिळ्याला अडकवली. सगळ्यांनी पाहिलं.

ही किल्ली माझ्या बायकोच्या कमरेला असायची. सारजा फेब्रुवारीत काविळीनं गेली. ती असताना या घरातली किल्ली खिळ्याला कधी लागली नव्हती.

साडेपाचला मुन्शीजी तेरच्या गाडीला गेले. दर शनिवारी जातात, सोमवारी सकाळी येतात. सहाला टँकरचा भोंगा वाजला. सारी गल्ली घागरी घेऊन धावली. मीही गेलो. घराला कडी लावली, कुलूप नाही. सातला परत आलो, दोन घागरी घेऊन. तेवढा तास कुणालाही पुरेसा होता.

३

रजिस्टर मी परत कपाटात ठेवलं. या वेळी किल्ली खिशात घातली आणि निघालो.

धोंडीबा गुरुजी धर्मशाळेच्या ओट्यावर बसले होते. ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गुलाबचा नव्हता.

“माझ्या पेन्शनचं काय, वकीलसाहेब? सरकारी दप्तर ते. म्या सही देऊन आणलंय.”

“गुलाबचं काय, ते विचारा की, गुरुजी.”

“त्याचं बी हायच.” त्यांनी उपरणं तोंडावरून फिरवलं. “बरोबर तेच पान गेलं म्हणता? मग उर्दू जाणणारानंच फाडलं. बघू, दाखवा बरं मला.”

“आता ते कुणाच्या हाती देणार नाही.”

“म्हंजी माझ्यावर संशय?”

त्यांना उर्दू येत होतं, निजामाच्या शाळेत ते दहा वर्षं मास्तर होते. संध्याकाळी कुठं होतात विचारलं तर म्हणाले, टँकरच्या रांगेत. मी त्यांना रांगेत पाहिलं नव्हतं. पण त्या रांगेत मी कुणाकडंच पाहत नाही.

आबाराव स्टँडजवळच्या लॉजवर उतरले होते. खाटेवर बसून पान लावत होते. ऐकून त्यांनी चुना लावायचं थांबवलं नाही.

“अरे अरे अरे. बिचारा गुलाब. आता?”

“आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय कळतंय त्यातलं. पण तुमचा मुन्शी दिसत न्हाय कुठं?”

“तेरला गेलाय.”

“कालच?” त्यांनी पान तोंडात सारलं. “उर्दू वाचणारा माणूस. कपाटाची खबर असलेला माणूस. आन् नेमका कालच तेरला. बघा बाबा. म्या कुणाचं नाव घेत न्हाय.”

“दर शनिवारी जातो तो.”

“व्हय व्हय. माणूस चांगला असंल. पोटाला लागतंय ना पण, दुष्काळाचं.”

मी विचारलं, “आबाराव, गुलाबच्या विहिरीला अजून पाणी आहे म्हणतात.”

“हाय की. चार एकराचा तुकडा, पण विहीर अशी की सात पुरुष खोल आन् तळ दिसत न्हाय. देवाची करणी.” ते हसले. “सोसायटीनं तिथून उपसा योजना करायचं म्हटलं तर गुलाब न्हाय म्हणला. आमी काय जबरदस्ती केली का? आपलाच माणूस हाय.”

माणूस परदेशी ठरला की त्याची जमीन सरकारजमा होते. मग एखाद्या सहकारी संस्थेनं ती भाडेपट्ट्यानं मागायची. हे त्यांना माहीत होतं. मला माहीत आहे, हेही त्यांना माहीत होतं. निनावी अर्ज कुणी केला असेल याबद्दल मला शंका नव्हती. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. आणि आबाराव स्वतः दुसऱ्याच्या दाराची कडी काढणाऱ्यांतले नव्हते. ते असली कामं करत नाहीत, करवून घेतात. कुणाकडून, एवढंच शोधायचं होतं.

गुलाब आणि बाबू नात्यातल्या एका घरी उतरले होते. गुलाबनं ऐकलं आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. म्हणाला, “तिकडं कापूस पिंजत्यात का हो, वकीलसाहेब?”

बाबू एकदम रडायला लागला. “भावजी, असं बोलू नका. आपाला काय सांगू म्या?” बहिणीला तो आपा म्हणायचा. गुलाबनंच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी बाबूला विचारलं, काल सहाला कुठं होतास. तो म्हणाला, बिडी आणायला गेलो होतो.

बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात एकच नाव राहिलं होतं. सहा वर्षं माझ्याकडं असलेला माणूस. सारजाच्या आजारपणात ज्यानं दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या तो माणूस. तो गाडीत बसला की नाही, हे मी काही पाहिलं नव्हतं. आबारावांनी माझ्या कानात जे ओतलं ते माझ्या पोटात उतरलं होतं. घरी येऊन रजिस्टर पिशवीत घातलं आणि दुपारची तेरची गाडी धरली.

४

तेरणा नदीच्या पात्रात नुसती वाळू होती. बाया वाळूत खड्डे करून वाटीनं पाणी उपसत होत्या. मुन्शीजी घराच्या सावलीत सुपारी कातरत बसले होते. मला पाहून उठले.

“साहेब, तुमी? रविवारचं? या, बसा. ए सिताबाई, पाणी आण.”

त्यांच्या बायकोनं तांब्या आणला. मी पाणी घेतलं नाही. पिशवीतून रजिस्टर काढून त्यांच्यापुढं टाकलं.

“अकरावं पान कुठाय, मुन्शीजी?”

“कुठं म्हंजी? हितंच असंल की.”

“फाडलंय. कपाट, किल्ली, पान, सगळं तुम्हाला माहीत होतं. आबारावांनी काय देऊ केलं?”

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, चष्मा लावला, रजिस्टर उचललं, मांडीवर पालथं केलं आणि दुसऱ्या बाजूनं उघडलं. उजवीकडून. एक एक पान डावीकडून उजवीकडं सारत ते मोजायला लागले. अकराव्यावर थांबले.

“हे काय,” ते म्हणाले. “सहावी ओळ. गुलाब वल्द हुसेन, पिंजारी. दाखल एकोणपन्नास, खारीज बावन्न. जसंच्या तसं हाय.”

मी वाकून पाहिलं. पान शाबूत होतं.

“उर्दू वही उजवीकडून उघडती, साहेब. पहिलं पान तिकडं असतं. ही मराठी चिठ्ठी कोण्या शहाण्यानं मागल्या पुठ्ठ्यावर डकवली? तुमी तिला बघून शेवटाकडनं मोजलं.”

त्यांनी शेवटाकडची फाटकी कड पाहिली, आजूबाजूची पानं वाचली. “हे एक्कावन-बावनच्या पोरांचं पान गेलंय. सतरा-अठरा पोरं असत्याल त्याच्यात. त्यांचा गुलाबशी काय संबंध न्हाय.”

शनिवारी मी टेबलाच्या अलीकडं बसलो होतो. मुन्शीजी वाचताना मला सगळं उलटंच दिसत होतं. त्यामुळं वही कोणत्या बाजूनं उघडली हे मी पाहूनही पाहिलं नव्हतं.

“मुन्शीजी, मी तुमच्यावर...”

“राहू द्या. पाणी प्या आधी.”

मी पाणी प्यालो. ते गढूळ होतं. ते संपायच्या आत मला चोर कळला होता.

५

चोरानं आकडा ऐकला होता आणि माझ्यासारखंच मराठी चिठ्ठी पाहून माझ्याच बाजूनं पानं मोजली होती. म्हणजे त्याला उर्दू येत नव्हतं. सकाळपासून मी उर्दू येणारा माणूस शोधत होतो आणि शोधायला हवा होता न येणारा.

मुन्शीजींना येत होतं. गुरुजींना येत होतं. आबाराव सहीच उर्दूत करत होते. चौघांतला चौथा राहिला तो बाबू.

मुसलमानाचं पोर म्हणजे त्याला उर्दू येणारच, असं मी धरून चाललो होतो. मी त्याला एका शब्दानं विचारलं नव्हतं. शनिवारी चुलत्याचं पत्र त्याच्या मांडीवरून पुढं गेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. वाचता येत असतं तर गुलाबनं ते घरीच त्याच्याकडून वाचून घेतलं नसतं का? जात पाहून माणूस मोजायचा म्हणजे काय असतं हे मी आयुष्यभर भोगलंय. आणि मीही तेच केलं.

सोमवारी सकाळी आठला मी सगळ्यांना घरी बोलावलं. पान मिळालं की नाही ते सांगितलं नाही. दार लावलं आणि रजिस्टर टेबलाच्या मधोमध ठेवलं, मराठी चिठ्ठी वर.

“साहेबांपुढं जाण्याआधी प्रत्येकानं फाटलेली जागा पाहून घ्यायची,” मी म्हणालो. “नंतर कुणी माहीत नव्हतं म्हणायला नको. गुरुजी, आधी तुम्ही. अकरावं पान काढा.”

गुरुजींनी चिठ्ठीकडं पाहिलंही नाही. रजिस्टर पालथं करून उजवीकडून उघडलं, मोजलं आणि ओरडले, “अहो, हे तर हाय की हितं!”

“बोलू नका. बंद करा. आबाराव, तुम्ही.”

आबारावांच्या कपाळावर आठी आली होती. त्यांनीही रजिस्टर पालथं केलं, उजवीकडून उघडलं, अकरावं पान काढलं आणि त्याच्याकडं असं पाहिलं जसं मेलेलं माणूस उठून बसावं. मी रजिस्टर त्यांच्या हातातून घेतलं, बंद केलं आणि चिठ्ठी वर करून ठेवलं.

“आता बाबू.”

बाबू पुढं आला. त्यानं चिठ्ठीचा पुठ्ठा उघडला, डावीकडून. एक, दोन, तीन. सातव्या पानाला त्याचा हात थांबला. आपण चुकीचं काहीतरी करतोय एवढं त्याला कळलं होतं, काय चुकतंय ते कळत नव्हतं.

तेवढ्यात आबाराव बोलले. त्यांना बोलायचं नव्हतं, ते तोंडातून निसटलं.

“आरं, तुला उर्दू येत न्हाय?”

“न्हाय,” बाबू म्हणाला. “गावात मशीद न्हाय, मौलवी न्हाय. आमची दोन घरं. म्या गुरुजींच्या मराठी शाळेत शिकलो.”

“मुसलमान आसून?”

“आबाराव,” मी विचारलं, “त्याला उर्दू येत नाही म्हणून तुमचं काय अडलं?”

त्यांनी खिशातून पानाचा डबा काढला, परत ठेवला. त्यांनाही बाबूला विचारायचं सुचलं नव्हतं. अकरावं पान एवढंच सांगितलं असणार. मुसलमानाच्या पोराला वही कुठून उघडायची ते काय सांगायचं? त्यांची चूक आणि माझी चूक एकच होती. या गोष्टीची मला अजून शिसारी येते.

गुलाबला सगळं उशिरा कळलं. तो बाबूकडं वळला.

“तू?”

बाबू जमिनीकडं पाहत होता. “सोसायटीत शिपायाची जागा देतो म्हणले. आन् तुमी गेल्यावर विहीर आपाच्या नावानं ठिवू म्हणले. म्हणले, तिचं काय वाकडं होणार न्हाय, त्येचं बी तिकडं लई चांगलं चालंल, त्येचं लोक हाईत तिकडं.”

“माझं लोक?” गुलाब म्हणाला. “माझं लोक कोण रं? तुला खांद्यावर घिऊन जत्रंला नेलं ते कोण?”

आबाराव उठले. “पोरगं घाबरून काय बी बोलतंय. म्या कशाला असलं सांगू? म्या तर गुलाबच्या बाजूनं सही दिलीय. सव्वाअकराला येतो कचेरीत.” आणि गेले. दारातून जाताना चप्पल शांतपणे घातली.

गुरुजी रजिस्टर पुसत म्हणाले, “चला, पान मिळालं. आता कशाला वाढवायचं.”

वाढवायचं नव्हतंच. पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. पान मिळालं होतं, तरी रजिस्टर फाटलेलं होतं. आणि ज्या वहीचं एक पान फाडलंय तिच्या दुसऱ्या पानावर कोणता साहेब विश्वास ठेवेल?

६

कलेक्टरसाहेबांनी नेमकं तेच विचारलं.

रजिस्टर त्यांनी स्वतः चाळलं. मुन्शीजींनी नोंद वाचून दाखवली. साहेबांनी मान हलवली, मग शेवटाकडं गेले आणि फाटक्या कडेवर बोट ठेवलं.

“हे काय आहे, मिस्टर बनसोडे? रजिस्टर तुमच्या ताब्यात होतं ना? जे पान तुम्हाला नको होतं ते काढलं आणि हवं ते घातलं, असं मी का समजू नये? मला हा कागद बाजूला ठेवावा लागेल.”

मी येताना रस्त्यात गुलाबला म्हणालो होतो, की बाबूनं खरं सांगितल्याशिवाय तू वाचत नाहीस. त्यानं हात जोडले होते. “नका, वकीलसाहेब. त्येच्यावर केस व्हईल. तिला एकच भाऊ हाय.” मी चिडलो होतो. असला चांगुलपणा मला सहन होत नाही. तो चांगुलपणा नसतो, मोडलेलं हाड असतं.

“कुणी फाडलं हे पान?” साहेबांनी विचारलं.

आबाराव मागच्या बाकावर होते. गुरुजी छताकडं पाहत होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात गुलाब उभा राहिला.

“माझ्या हातनं फाटलं, साहेब. बघताना.”

मी डोळे मिटले. तीन आठवड्यांची मेहनत त्या एका वाक्यानं मातीत गेली. पुराव्याला हात लावणारा आरोपी म्हणजे खोटा आरोपी. साहेबांनी पेन उचललं.

“न्हाय,” मागून आवाज आला. बाबू होता. “म्या फाडलं. भावजींचं नाव जावं म्हणून फाडलं. मला उर्दू येत न्हाय, म्या चुकीचं फाडलं.” त्यानं शर्टाच्या आतून चार घड्या केलेला कागद काढला. इतका वेळ तो त्याच्या अंगावर होता. जाळायचं त्याचं धाडस झालं नव्हतं. मुन्शीजींनी पान फाटक्या कडेला लावलं, अक्षरांची टोकं अक्षरांना जुळली. सतरा पोरांची नावं होती. गुलाबचं नव्हतं.

साहेबांनी पान दोनदा लावून पाहिलं.

“तुला कुणी सांगितलं हे करायला?”

बाबूनं मागं पाहिलं. आबाराव त्याच्याकडं शांतपणे पाहत होते. शिवणवाडीला परत जायचं होतं. बहीण तिथं होती, लेकरं तिथं होती.

“कुणी न्हाय,” बाबू म्हणाला.

मी उठलो. म्हणालो, की साहेब, सकाळी माझ्या घरी हा वेगळं बोललाय, चार जणांनी ऐकलंय, निनावी अर्ज कुणाचा तेही तपासावं. साहेबांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, त्यांना नीट ऐकू आलं नाही, अलीकडं कान जातोय. गुलाबला विचारलं. तो खाली पाहत म्हणाला, “पोरगं घाबरलं व्हतं.” मुन्शीजी एकटे म्हणाले, “म्या ऐकलं.” साहेबांनी घड्याळ पाहिलं.

“ते या प्रकरणात येत नाही,” ते म्हणाले. “पान जुळतंय. नोंद मी ग्राह्य धरतो. देश सोडण्याचा हुकूम थांबवला. वर कळवतो.”

बाहेर व्हरांड्यात आबारावांनी गुलाबला मिठी मारली. चार लोकांच्या देखत. “म्हणलं व्हतं का न्हाय, आपला माणूस हाय.” मी भिंतीकडं तोंड केलं.

७

पंधरा दिवसांनी वरून कागद आला. हुकूम रद्द. बाबूवर दप्तर फाडल्याचा गुन्हा लागला, त्याला जामीन मीच मिळवून दिला. त्याची जामीनदार म्हणून त्याची बहीण आली होती. भावाशी ती एक शब्द बोलली नाही, पण त्याच्यासाठी भाकरी बांधून आणली होती.

जूनच्या शेवटी गुलाब घरी आला. आभाळ कोरडंच होतं. तो बसला, टोपी काढली, परत घातली.

“वकीलसाहेब, तुमाला सांगून जावं म्हणलं. विहीर दिली म्या.”

“कुणाला?”

“सोसायटीला. उपसा योजनेला. कागद झाला काल.”

“गुलाबभाई, विहिरीसाठीच त्यांनी सगळं केलं. तुला देशाबाहेर काढत होते. आपण जिंकलो. मग का दिलीस?”

“आबाराव म्हणले, पोलिसांच्या वहीत ती नोंद अजून हाय. तो पोरगा अजून आत हाय म्हणले. उद्या दुसरा कोण साहेब यील. कोणी बी अर्ज करील. दर साली उठून मी हितलाच हाय म्हणून सांगत बसू का? माझी लेकरं बी सांगत बसत्याल का?”

“मी आहे की. परत लढू.”

“तुमी हाय, व्हय. पण शिवणवाडीत तुमी न्हाय.”

त्याच्याशी वाद घालावा असं मला वाटलं. आबारावांना शिव्या द्याव्यात, कायदा सांगावा, त्याला गदागदा हलवावं. घरात मी एकटाच होतो. चहा करायलाही कुणी नव्हतं. मी माठातलं पाणी भरून त्याच्यापुढं ठेवलं. तो सगळं प्यायला, एका दमात, आणि पेला पालथा घातला.

“म्या हितं हाय ना पण,” तो म्हणाला. “तेवढं झालं.”

तो गेल्यावर मी त्याची फाईल बांधली आणि वर लिहिलं, निकाल बाजूनं. हा शेरा लिहिताना इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.